कोनाड्यातली डबी

श्रुती रांगायला लागली तेव्हा मी घरातल्या सगळ्या धोक्याच्या वस्तू वर नेल्या. उंदराचं औषध, रॉकेलची बाटली, भातावर मारायची पावडर, विळा, सुईदोऱ्याचा डबा. पोरीनं चाटलं तरी चालेल तेवढंच खाली ठेवलं. माझा नवरा हृतिक महाडच्या एमआयडीसीत कामाला आहे. तो म्हणायचा, "एवढी सेफ्टी तर आमच्या कंपनीत पण नाय."

सासूबाईंची मशेरीची डबी तेवढी मला हलवावी लागली नाही. ती आधीपासूनच चुलीच्या वरच्या कोनाड्यात असायची. पत्र्याची गोल डबी, कधीकाळी मलमाची असावी, वरचं चित्र बोटांनी झिजून गेलेलं. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, दुपारी भांडी झाल्यावर सासूबाई हात वर करायच्या, डबी काढायच्या आणि पडवीत जाऊन बसायच्या. पहिल्या बोटावर काळी पूड घ्यायची आणि हिरड्यांवरून फिरवत राहायचं. त्या वेळी त्यांच्याशी बोललं तर उत्तर यायचं नाही, फक्त हुंकार. माझं माहेर महाडच्या बाजारपेठेतलं. लग्न होऊन या वाडीत आले तेव्हा मला तो तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास सहन व्हायचा नाही. नंतर सवय झाली. डबी कुठे आहे ते मला दिसत होतं, बस.

आमची वाडी कापडे गावाच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरून आत वळलं की डोंगराच्या कुशीत. एक शाळा, शाळेच्या आवारात अंगणवाडी आणि अंगणवाडीच्या भिंतीला भिंत लावून सोमाकाकांचं दुकान. दुकानाच्या दारात गुटख्याच्या, तंबाखूच्या पुड्यांच्या माळा लोंबायच्या, चकचकीत, हिरव्या-लाल. दोरी लांब होती, त्यामुळे माळेचं खालचं टोक बरोबर पोरांच्या तोंडासमोर यायचं. एप्रिलमधे एकदा श्रुतीला कडेवरून खाली ठेवून मी साखर घेत होते. मागे वळले तर तिच्या तोंडात एक रिकामी पुडी. जमिनीवरून उचललेली. श्रुती ती चोखत होती आणि माझ्याकडे बघून हसत होती.

मी बोट घालून पुडी काढली, दुकानातल्याच पाण्यानं तिचं तोंड धुतलं. सोमाकाका म्हणाले, "रिकामी व्हती गो. काय नाय व्हायचं."

"काका, माळा जरा वर बांधा ना."

"वर बांधल्या तर गिऱ्हाईकाला दिसतील कशा?"

घरी आल्यावर मी तिचं तोंड पुन्हा धुतलं. तिथून हे सगळं सुरू झालं.

आमच्या सरपंच सारिकाताई. त्यांना तालुक्याच्या बैठकीत कुणीतरी तंबाखूमुक्त गावाबद्दल सांगितलं होतं आणि त्यांच्या मनात ते होतंच. मी पुडीचं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "एक मेच्या ग्रामसभेत तू बोल. तू शिकलेली हायस. मी बोलले तर म्हणतील, बाई मतांसाठी बोलते."

एक मेला शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. सुट्टीला आलेले मुंबईवालेही होते, त्यामुळे गर्दी झाली. मी श्रुतीला कडेवर घेऊन उभी राहायला गेले, ते जमेना, मग बसूनच बोलले. माळा, पुडी, पोरीचं तोंड, सगळं सांगितलं. शाळेजवळ विकायला कायद्यानंच मनाई आहे हेही सांगितलं.  माझं संपल्यावर सगळे एकदम बोलायला लागले.

"गुटख्याला तर कधीची बंदी हाय. मिळतोय ना तरी?"

"मिळतोय म्हणून गप्प बसायचं काय?"

एक मुंबईवाला मागून म्हणाला, "फुल बंदी करा, आपला सपोर्ट हाय. पण आधी सोमाला पेन्शन चालू करा."

मग भागोजीबाबा काठी टेकत उठले. गावाच्या राखणदार देवाचं सगळं तेच बघतात. "राखणीला विडी लागते," ते म्हणाले. "देवाला काय सांगू? ग्रामपंचायतीनं बंद केली म्हणून?"

"देवाला विडी चालेल, बाबा," सारिकाताई म्हणाल्या. "देव शाळेच्या भिंतीवर थुंकत नाय."

"मंग आमी देवाच्या नावानं घेऊ," कुणीतरी म्हणालं आणि पुरुषांत हशा पिकला. त्या हशानं बायका चिडल्या. आपल्या नवऱ्यांच्या, पोरांच्या लाल दातांवर त्यांचा राग आधीपासून होताच.

तेवढ्यात माझ्या मनात आलं. मी सारिकाताईंच्या कानाशी वाकून विचारलं, "ताई, मशेरीचं काय?"

"मशेरीचं काय?"

"ती पण तंबाखूच ना."

मी मिठावर बंदी घालायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अगं, ती दात घासायची. खातंय कोण?" आणि त्या खांबाच्या पलीकडे वाकल्या, मशेरीची पिचकारी टाकून आल्या आणि म्हणाल्या, "चला, हात वर करा."

बायकांचे सगळे हात वर गेले. सर्वांत आधी माझ्या सासूबाईंचा, चंद्राबाईंचा. त्या सभेत कधी तोंड उघडत नाहीत, त्या दिवशी हात खांद्याच्या वर ताणून बसल्या होत्या. पहिल्या बोटाचं टोक काळं होतं. आजूबाजूला बघितलं तर अशी काळी टोकं बरीच होती. मला कळेना की हसावं की काय करावं. मीही हात वर केला.

वाडीत तंबाखू विकायची नाही, विकली तर दंड, असा ठराव झाला. शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात "तंबाखूमुक्त वाडी" असं रंगवलं. सोमाकाकांनी माळा काढल्या. मला पहिल्यांदा वाटलं की या गावात माझ्या बोलण्यानं काही हललं.

चारेक दिवसांनी मी बिस्किटं आणायला गेले, तर दुकानासमोर बायका उभ्या.

"पानं कुठंयत, सोमाभावजी?"

"कसली पानं?"

"मशेरीची, आनि कसली."

"तंबाखूची म्हन की," सोमाकाका शांतपणे म्हणाले. ते गल्ल्यावरच्या काचेवर फडकं फिरवत होते. "भाजता तुमी, मी काय भाजून विकत नाय. तंबाखू विकायची नाय असा ठराव तुमीच केलात. दंड कोन भरील? तुजा नवरा?"

 मग एकेक मान वळली आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी श्रुतीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

सासूबाईंनी घरी येऊन चुलीसमोर बसकण मारली. "मी हात पुडीसाटी वर केलेला. त्या मुंबईवाल्यांच्या तोंडातल्या घाणीसाटी. माज्या दातांसाटी नव्हता केला."

"आई, पण पान तेच असतं."

"तेच कसं? ते कच्चं चघळतात. आमी भाजतो. कच्चा तांदूळ नि भात एक हाय काय?"

 मोबाईलवर मशेरीबद्दल वाचलेलं मी त्यांना वाचून दाखवलं, त्यात कर्करोगाचा शब्द आला. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "माज्या आयशीनं मरेस्तोवर लावली. पडून मेली ती, दातानं नाय."

डबीतली होती ती पूड संपली आणि मग आमच्या घरात वेगळेच दिवस सुरू झाले. सासूबाईंचं डोकं दुखायला लागलं. कपाळाला फडकं बांधून त्या पडवीत बसायच्या. पोट साफ होत नाही म्हणायच्या. भाकरी अर्धी टाकायच्या. बोट मधेच तोंडाशी जायचं, मग पदराला पुसायच्या. एकदा श्रुती त्यांच्या पाठीवर चढायला गेली, तर त्या खेकसल्या. ती रडली नाही, नुसती बघत बसली, कारण आजी असं करते हे तिला माहीतच नव्हतं. त्यानंतर सासूबाईच रडल्या. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. मला हवं होतं तेच घडत होतं. पण त्यांना पाणी देताना मला त्यांच्या डोळ्यांत बघता येईना. सोडायचं तर कुणी डॉक्टर, काही औषध असतं का, हे ठरावात कुणीच लिहिलं नव्हतं. माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

आणि मग एके दिवशी सगळं ठीक झालं. डोक्याचं फडकं सुटलं. सासूबाईंनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, श्रुतीला पाठीवर घेऊन अंगणभर घोडा घोडा केलं. पुढच्या आठवड्यात सारिकाताई आल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मी सोडली."

"खरंच, काकी?"

"मंग काय खोटं? कोनाडा बघ."

कोनाडा रिकामा होता. सारिकाताईंना एवढा आनंद झाला की त्यांनी तिथेच ठरवलं, पंधरा ऑगस्टला झेंड्यासमोर चंद्राकाकीचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ. सासूबाई नको नको म्हणाल्या, पण लाजत म्हणाल्या.

मी कोनाड्याकडे बघत राहिले. रिकामा कोनाडा बघून मला भीती वाटली. आधी मला कळेना की कसली. मग दोन दिवसांनी मी पाणवठ्यावरून आले तेव्हा घरात तो वास होता, आणि ती भीती कसली ते मला कळलं.

"आई, कसला वास येतो?"

"चुलीत पाला गेला वाटतं."

तवा घासून पालथा घातलेला होता. ओला होता. सासूबाई शेणी रचत होत्या आणि मान वर करत नव्हत्या.

मला पकडायचं नव्हतं त्यांना. शपथेवर सांगते, त्यांनी लावली की नाही याच्याशी माझं काही नव्हतं उरलं. मला फक्त डबी कुठे आहे ते हवं होतं. माझी पोर आता उभी राहत होती, धरून धरून चालत होती, जे हाताला लागेल ते तोंडात घालत होती. मी तांदळाच्या पिंपात हात घातला. देवाच्या फळीमागे बघितलं. गोधड्या झटकल्या, पाटा उचलला, शेणींच्या ढिगात काठी फिरवली. सासूबाई बघत होत्या. मी काय शोधते ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. विचारलं असतं तर त्यांना खोटं बोलावं लागलं असतं, आणि सत्कार जवळ आला होता.

हृतिकला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे ना. म्हातारी खूश हाय, तू खूश, सरपंच खूश."

"मी कुठे खूश आहे?"

"मग ठराव कशाला केलास?"

त्याच्या खिशात लहान पुडी होती, हे मला दिसत होतं. ती तरी मला दिसत होती.

वाडीत आता सगळं असंच होतं. भिंतीवर निळी अक्षरं आणि घराघरांत पाल्याचा वास. पानं कुठून येतात तेही सगळ्यांना माहीत होतं. जलीलभाईंचा टेम्पो आठवड्याला महाडहून दुकानाचा माल घेऊन यायचा. बिस्किटांच्या खोक्याखाली काय असतं ते कुणी विचारत नव्हतं. सोमाकाका विकत नव्हते. जलीलभाईही विकत नव्हते, ते म्हणे नुसतं आणून द्यायचे.

लावणी उरकली होती. पावसानं जरा उघडीप दिली म्हणून मी श्रुतीची दुपटी वाळत घालायला अंगणात गेले. आतून डब्यांचा खणखणाट येत होता. ती तिच्या खेळण्यांच्या टोपलीशी बसली होती. टोपलीत मीच भरलेल्या वस्तू होत्या: लाकडी पळी, प्लास्टिकची वाटी, घासून पुसून दिलेल्या रिकाम्या डब्या. दुकानातल्या खेळण्यांच्या रंगाची मला भीती वाटते, म्हणून डब्या. सासूबाई भिंतीला टेकून डुलक्या घेत होत्या. खणखणाट चालू होता तोवर मी निवांत होते. मग तो थांबला.

मी आत आले. श्रुतीचं तोंड काळं होतं. ओठ, हनुवटी, दोन्ही हात. झबल्यावर काळा चुरा. ती तोंड वाकडं करून जीभ बाहेर काढत होती आणि लाळ नुसती गळत होती.

मी तिला उचललं, तोंडात बोट घातलं, काढता येईल तेवढं काढलं. वास मला ओळखीचा होता. पण महिनाभर आम्ही दोघी तो वास नाहीच असं म्हणत होतो, आणि त्या क्षणीही माझ्या तोंडून निघालं, "आई, काय खाल्लं हिनं?"

सासूबाई उठून उभ्या होत्या. "माती असंल," त्या म्हणाल्या. "नायतर कोळसा."

श्रुतीनं ओकारी काढली. एकदा, पुन्हा एकदा. मग तिचा चेहरा पांढरा पडला आणि मान माझ्या खांद्यावर टेकली. ती कधी अशी मान टेकत नाही.

मी अंगणात धावले. सोमाकाकांच्या दारात जलीलभाईंचा टेम्पो माल उतरवत उभा होता, हे त्या दिवशीचं आमचं नशीब. जलीलभाईंनी पोरीकडे एकदा बघितलं आणि खोकी तिथेच रस्त्यावर उतरवून गाडी वळवली. मी पुढे बसले. दार लावणार तोच सासूबाई अनवाणी येऊन माझ्या बाजूला चढल्या.

पोलादपूरपर्यंत रस्ता सगळा वळणांचा. श्रुती पुन्हा ओकली, माझ्या साडीवर. डोळे मिटायला लागली की मी तिचे गाल चोळत होते, नाव घेऊन हाका मारत होते. आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता: डबी भरलेली होती की संपत आलेली? डॉक्टर तेच विचारणार. आणि ते या जगात फक्त एका बाईला माहीत होतं, जी माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती आणि पुढच्या काचेतून बघत होती.

"आई," मी म्हटलं, "मी कुणाला सांगणार नाही. सत्कार होऊ दे. फक्त मला सांगा, किती होती?"

 जलीलभाईंनी वळून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघितलं. कापडे गाव मागे पडलं.

"किती होती, आई?"

"टोपलीत ठेवलेली," सासूबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा नव्हता. "तू सगळीकडं बघत व्हतीस. पिंपात, देवात. म्हटलं एवढ्या डब्यांत आनखी एक डबी, कोन बघील. झाकन घट्ट व्हतं गो. मी रोज घट्ट करीत व्हते."

"किती?"

"तळाला व्हती. सकाळीच संपत आलेली. चिमूट, दोन चिमटी. तुज्या गळ्याची आन."

मग त्या जलीलभाईंना म्हणाल्या, "आज तू पानं आननार व्हतास ना? म्हनून मी सकाळी जास्त लावली. उद्याची काळजी नव्हती."

"काकी, आता राहू दे ते," जलीलभाई म्हणाले.

सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टर होती. तिनं श्रुतीला टेबलावर घेतलं, डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावली, नर्सला काहीतरी सांगितलं. काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं. मी सांगितलं. दोन चिमटी म्हटल्यावर तिनं मान हलवली आणि तिचे हात जरा सावकाश झाले.

"ओकली ते चांगलं झालं. बरंचसं बाहेर पडलंय. पण ठेवून घेते, संध्याकाळपर्यंत बघू." मग तिनं लिहिता लिहिता विचारलं, "घरात तंबाखू कोण खातं?"

"कोन नाय," सासूबाई लगेच म्हणाल्या. "मशेरी हाय ती."

डॉक्टरनं वर बघितलं. सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. त्या अगदी मनापासून, मदत करायची म्हणून, चूक दुरुस्त करत होत्या. मला तिथे हसू आलं आणि त्याबरोबर रडू आलं. नर्सनं मला बाकावर बसवलं.

दिवस कलताना श्रुतीनं पाणी मागितलं. मग बिस्किट मागितलं. मग नर्सच्या गळ्यातली ओळखपत्राची दोरी ओढली. हृतिक कामावरून परस्पर आला होता. तो आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभा राहिला.

पंधरा ऑगस्टला पाऊस होता, म्हणून झेंडा लावल्यावर ग्रामसभा शाळेच्या आत भरली. तोवर सगळ्या वाडीला सगळं माहीत होतं. सारिकाताईंनी सत्काराचं नाव काढलं नव्हतं, पण शाल त्यांनी आणलेली होती, पिशवीतून तिचं टोक दिसत होतं.

सोमाकाका सगळ्यांत आधी उठले. "ठरावामुळं पोर मरत व्हती," ते म्हणाले. "डबी जागेवर असती तर पोरीच्या हाताला लागली असती काय? लपवायला कुनी लावलं?"

"तंबाखूमुळं मरत व्हती," सारिकाताई म्हणाल्या. "घरात नसतीच तर? अजून कडक करायला पायजे. घरं बघायला पायजेत."

"माजं घर बघायला ये तू, मंग सांगतो," भागोजीबाबा म्हणाले.

"बाबा, तुमच्या घरात तर देवच ओढतो," सारिकाताई म्हणाल्या.

हशा झाला, पण थोडाच. मग दोघंही माझ्याकडे वळले. सगळेच वळले. सोमाकाकांना वाटत होतं मी त्यांच्या बाजूनं बोलेन, सारिकाताईंना वाटत होतं त्यांच्या. माझ्या मांडीवर श्रुती खालच्या सतरंजीचा धागा उपसत होती. मी बोलायला गेले आणि मला कळलं की दोघंही खरं बोलतात. पुड्यांच्या माळा परत त्या दारात नकोत, हे मला तेवढंच ठामपणे वाटत होतं. आणि कुणी माझ्या घरात डबी शोधायला येऊ नये, हेही.

"माळा नकोत," मी म्हटलं. "बाकीचं मला कळत नाही."

"शिकलेली ना तू?" मागून कुणीतरी म्हणालं.

तेव्हा सासूबाई उठल्या. पदर सावरला आणि सारिकाताईंच्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ती शाल ठेव गो. मी सोडली नाय. मी लपवली. हितं बसल्यात त्यातल्या किती जनींनी लपवली ते त्यांनी आपापलं बघावं." आणि खाली बसल्या.

 बऱ्याच बायकांनी उजवा हात पदराखाली घेतला. ठरावाचं काय ते पुढच्या सभेत बघू, असं ठरलं. अजून बघितलेलं नाही.

घरी आल्यावर मी ती डबी धुतली, पुसली आणि कोनाड्यात ठेवली. मग काढली. श्रुती लवकरच पाटावर चढायला शिकेल, आणि चुलीवरचा तो कोनाडा काही फार उंच नाही. मी हृतिककडून वाशाजवळ एक फळी मारून घेतली आणि डबी तिथे ठेवली. माझा हात टाचा उंचावून तिथे पोचतो. सासूबाईंचा पोचत नाही.

हे मी मुद्दाम केलं की नाही, मला माहीत नाही.

आता त्यांना मशेरी हवी असली की माझ्याकडे मागावी लागते. "डबी दे गो." मी काढून देते, त्या बोटावर घेतात, मी झाकण लावून परत ठेवते. ग्रामसभेत मीच सगळ्यांसमोर बोलले आणि घरात रोज माझ्याच हातानं तंबाखू देते. कधी मी म्हणते, भांडी झाल्यावर देते, आणि मग भांडी सावकाश घासते. कधी त्या मागतच नाहीत, तेव्हा मला वाटतं कमी झाली, आणि मग मीच त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहते, डोकं दुखत असेल का म्हणून. एकदा तर मीच विचारलं, "आई, देऊ का?" विचारून झाल्यावर स्वतःचाच राग आला.

काल दुपारी त्या म्हणाल्या, "डबी दे गो." मी टाचा उंचावल्या. श्रुती खाली सासूबाईंच्या पायाशी बसली होती. तिनं मान वर करून फळीकडे बघितलं, मग आजीकडे बघितलं, आणि आपलं पहिलं बोट तोंडात घालून हिरड्यांवरून फिरवायला लागली. सावकाश, डोळे अर्धे मिटून, अगदी तसंच.

माझा हात डबीवर तसाच राहिला. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग पुढे वाकून तिचं बोट तोंडातून काढलं, पदरानं पुसलं आणि मुठीत धरून ठेवलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ती झोपली की दे."